औषधी वनस्पतींच्या जर्नलचे मुख्य संपादक बदलले, आता मंजूर झालेल्या पेपरचं काय?

पानफुटी (शहादा)

नमस्कार मंडळी. मी शहादा भागात एका सीनियर कॉलेजला बॉटनी शिकवते. धडगाव-मोलगीकडच्या पावरा आणि भिल वैदूंकडे जाऊन जखम, मोच, सांधेदुखी यावर ते कोणता पाला, कोणती साल, कोणता कंद वापरतात याची नोंद करायचं काम बरीच वर्षं चालू आहे. त्यातून एक पेपर झाला आणि औषधी वनस्पतींवरच्या एका जर्नलने तो घेतला (नाव मुद्दाम टाकत नाही, कुणी ओळखलं तरी इथे लिहू नका प्लीज). रिव्ह्यू झाले, दुरुस्त्या झाल्या, स्वीकारल्याचं पत्र आलं, फी भरली, पुढच्या अंकात येईल म्हणाले, आणि मग बरेच दिवस सगळं शांत.

आता एकदम मेल. जुने मुख्य संपादक सर पायउतार झाले, नवीन मॅडम आल्या, संपादक मंडळाची "पुनर्रचना" झाली, वेबसाईटवरची निम्मी जुनी नावं गायब, आणि स्वीकारलेले पण अजून न छापलेले सगळे पेपर पुन्हा तपासणार म्हणे. माझ्याकडून मागितलंय ते असं की प्रत्येक वनस्पतीचा हर्बेरियम नंबर (हर्बेरियम म्हणजे वाळवून चिकटवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह) पाहिजे आणि तो मान्यताप्राप्त हर्बेरियमचाच पाहिजे, वैदूंची लेखी संमती पाहिजे, वनखात्याची परवानगी पाहिजे आणि वरून नवीन दराने फीचा फरक पण भरायचा.

शीटं आहेत माझ्याकडे, नीट दाबून चिकटवून लेबल लावलेली, पण ती आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात. तिकडे प्रमोशनची फाईल अडून बसलीय. पेपर मागे घेऊ का सगळी पूर्तता करत बसू? आणि खरं विचारायचंय ते हे की संपादक बदलल्यावर जर्नल सुधरून राहिलं का बुडून राहिलं हे आपल्यासारख्याने बाहेरून ओळखायचं कसं?

शेवभाजी_स्पेशल

नवी विटी नवं राज्य! ताई पैसे परत मागा आणि दुसरीकडे टाका. स्वीकारलं म्हणजे स्वीकारलं, लग्न ठरल्यावर पुन्हा मुलगी बघायला येतात का कोणी.

धुळ्याचा_पुण्यात

शेवभाजी, दुसरीकडे म्हणजे कुठे? पेपर टाकून पुन्हा पहिल्यापासून रिव्ह्यू, वर्ष जातं. आणि ताईंनी जर्नलचं नाव न सांगता विचारलंय ते बरोबरच केलं, इथे नावं घेऊन चिखलफेक सुरू झाली की धागा बंद होतो.

ग्रंथपालआप्पा (जळगाव)

ताई, घाई करू नका. आयुष्य लायब्ररीत गेलं, जर्नल येताना आणि बंद पडताना दोन्ही पाहिलीत, तर आधी काही गोष्टी तपासा मग पुढचं बोलू.

पहिलं म्हणजे मेल नक्की जर्नलकडूनच आलाय का. हसू नका. संपादक बदलायच्या काळातच नकली वेबसाईट काढणाऱ्यांचं फावतं, जर्नलचं नाव तेच, आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) तोच, मुखपृष्ठ तेच, फक्त वेबसाईटचा पत्ता एखाद्या अक्षराने वेगळा आणि फीचा खातेनंबर भलताच. तुमच्याकडे "फीचा फरक भरा" आलंय म्हणून जास्त सांगतोय. जुन्या छापील अंकावर जो पत्ता-फोन आहे तिथे फोन करून विचारा, मेलला रिप्लाय करून नाही.

दुसरं, जर्नलचा मालक कोण? कॉलेज, संस्था, सोसायटी, का प्रकाशन कंपनी? संपादक हा मालक नसतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. मालक तोच असून संपादक बदलला तर ती नेहमीची गोष्ट. मालकच बदलला आणि त्याच्यासोबत संपादक, फी, अंकांची संख्या सगळं एका झटक्यात बदललं तर मात्र कान टवकारायचे. वर्षाला चार अंक निघणारं जर्नल महिन्याला निघायला लागलं आणि अंकात शंभर पेपर दिसले की समजून जा.

तिसरं, बदल जाहीर केलाय का. बरं जर्नल असेल तर अंकात छापतं की अमुक यांनी इतकी वर्षं काम पाहिलं, अमुक तारखेपासून तमुक बघतील, हातातल्या पेपरचं असं असं होईल. नुसती नावं पुसून नवीन नावं चिकटवली असतील तर मंडळावरच्या एखाद्या प्राध्यापकाला सरळ मेल टाकून विचारा की सर तुम्ही खरंच आहात का यात. नाव टाकलंय हे ज्याचं त्यालाच माहीत नाही, असले नमुने सगळीकडे आहेत.

आणि हो, सरकार यात लक्ष घालतं असं समजू नका. वर्तमानपत्रं, मासिकं यांची नोंदणी प्रेस रजिस्ट्रारकडे करावी लागते, पण २०२३ चा जो नवीन कायदा आला त्यात नियतकालिकाच्या व्याख्येतून वैज्ञानिक, तांत्रिक आणि शैक्षणिक जर्नल वगळलेली आहेत. आयएसएसएन दिल्लीच्या निस्पर या सरकारी संस्थेकडून मिळतो पण तो नुसता ओळखक्रमांक, दर्जाचा शिक्का नाही. म्हणजे राखण करायची ती लेखकांनी आणि वाचकांनीच.

पानफुटी

आप्पा धन्यवाद. फोन केला, मेल खराच आहे. मालक तीच संस्था आहे, बदललेली नाही. जाहीर निवेदन मात्र कुठेच नाही, पुढच्या अंकात येईल म्हणाले.

संपादनकामगार

मी जर्नलांच्या संपादनातच पोटापाण्याचं काम करतो (बायोलॉजीची, औषधी वनस्पतींचं एक पण आहे) त्यामुळे आतली बाजू सांगतो.

मुख्य संपादक बदलतात त्या दिवशी सिस्टीममध्ये पेपर तीन अवस्थेत असतात. नुसते आलेले, रिव्ह्यूला गेलेले आणि स्वीकारलेले. पहिल्या दोन्हीवर नवीन संपादकाची मर्जी चालते, तो नियम बदलू शकतो. तिसऱ्यावर चालत नाही. प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठी कोप म्हणून संस्था आहे, १९९७ ला ब्रिटनमध्ये सुरू झाली, जगभरची जर्नल तिचे नियम मानतात किंवा मानतो असं लिहितात तरी. तिच्या संपादकांसाठीच्या जुन्या आचारसंहितेत स्पष्ट होतं की आधीच्या संपादकाने छापायचा घेतलेला निर्णय नवीन संपादकाने उलटवू नये, पेपरमध्ये गंभीर दोष सापडला तर गोष्ट वेगळी. तेव्हा ताई, जर्नलच्या वेबसाईटवर कोपचं नाव आहे का बघा, असेल तर याच वाक्यावर बोट ठेवून नम्र मेल लिहा. "माझ्या पेपरमध्ये कोणता गंभीर दोष आढळला ते कळवावे" एवढंच. भांडायचं नाही.

फीचं पण तसंच, स्वीकारलं त्या तारखेचा दर लागू. फरक मागणं चूकच.

पण हर्बेरियम नंबर मागितला म्हणून नवीन मॅडमना व्हिलन करू नका. मी त्यांच्या जागी असतो तर तोच मागितला असता.

वैद्यबुवा (अमळनेर)

हे हर्बेरियमचं खूळ आम्हाला कधी कळलंच नाही. आमच्या घरात चार पिढ्या औषध देतात, गुळवेल ओळखायला आम्हाला पुण्याच्या सर्टिफिकेटची गरज पडत नाही. पावरा वैदू रात्री बॅटरीच्या उजेडात बरोबर झाड तोडून आणतो आणि जर्नलवाले म्हणणार नंबर दाखवा. हे संपादक बदलले की दरवेळी असंच, जुने सर आयुर्वेदाचे होते त्यांना भाषा कळायची, आता बहुतेक फार्माकॉलॉजीवाले आले असतील, म्हणजे उंदीर आणि मशीन.

काळीमाती

वैद्यबुवा, गुळवेलचंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. कोरोनाच्या काळात घराघरात काढा उकळत होता. २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांचा पेपर यकृताच्या जर्नलमध्ये आला, सहा पेशंट, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले. आयुष मंत्रालयाने लगेच हरकत घेतली, ती काय होती आठवतं का? की या लोकांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती ते तपासलेलंच नाही, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियासारख्याच (म्हणजे आपल्या गुळवेलीसारख्याच) दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत, टिनोस्पोरा क्रिस्पा वगैरे. म्हणजे आयुर्वेदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच विचारलं ना की ओळख कुठाय, नमुना कुठाय! पुढच्या वर्षी १३ केंद्रांतल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला तेव्हा त्यांनी मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणी जोडली होती. वाद मिटला असं नाही पण वाद घालायला काहीतरी हातात आलं.

तुम्ही ओळखता हो. पण पेपर वाचणारा केरळात नाहीतर जपानात बसलाय, त्याने तुमच्या ओळखण्यावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?

वैद्यबुवा (अमळनेर)

तो मुद्दा मान्य. पण मग आमच्या बाजूने बोलताना एक नियम आणि आमच्या विरुद्ध बोलताना दुसरा असं नको, एवढंच. सहा पेशंटचा पेपर नमुन्याशिवाय छापला गेलाच ना.

काळीमाती

छापला गेला हे खरंय. दोन्हीकडे एकच पट्टी पाहिजे, यात काही वाद नाही.

बिब्बा (चोपडा)

सातपुड्यात फिरणारा माणूस म्हणून सांगतो, नुसत्या स्थानिक नावावर पेपर छापला की घोळच घोळ. "मुसळी" म्हणा, तर पांढरी मुसळी म्हणून बाजारात क्लोरोफायटमच्याच वेगवेगळ्या जाती विकल्या जातात आणि काळी मुसळी तर वेगळ्याच कुळातली, कर्क्युलिगो. आपल्याकडे मध्यंतरी मुसळीच्या शेतीची लाट आली होती, बेण्याच्या नावाखाली काय काय विकलं गेलं ते ज्यांनी लावली त्यांना विचारा. शंखपुष्पी तर भागाभागात वेगळी निघते. त्यामुळे नंबर पाहिजेच. शीट कपाटात असली तरी ती शीटच आहे ताई, काम वाया गेलेलं नाहीये, फक्त डुप्लिकेट काढून पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) पश्चिम विभागाकडे नाहीतर आघारकर संस्थेकडे न्यायची, किंवा मुंबईला झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियमला. ते ओळख पटवून देतात, जमा करून घेत असतील तर नंबर मिळतो. नेण्याआधी फोन करून त्यांची पद्धत आणि फी विचारून घ्या.

फूल किंवा फळ असल्याशिवाय शीट नेऊ नका, नुसत्या पानांवर ते हात लावत नाहीत. लावूही नये.

आहिरानी_बोल

पानफुटी ताई, तुमनं काम भारी शे. पन बठ्ठा जन संपादकनं बोली राहिनात, त्या पावरा वैदूसले कोनी इचारं का? त्यासनं नाव कोठे शे पेपरमा?

शेवभाजी_स्पेशल

भाऊ एक नंबर प्रश्न.

पानफुटी

दादा, पेपरच्या शेवटी आभारामध्ये "स्थानिक वैदू" एवढंच आहे. जुन्या संपादकांच्या वेळी नावं मागितली नव्हती. नवीन मॅडमनी संमती मागितलीय आणि खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड तेच वाटतंय. लेखी म्हणजे काय लेखी? बरेचसे वैदू सही करत नाहीत, आणि बाहेरच्याने कागद पुढे केला की माणूस सावध होतो, मागे कशाकशावर अंगठे घेतलेत लोकांचे.

बिब्बा (चोपडा)

लेखीच असं नाही. त्यांच्याच भाषेत समजावून सांगून आवाज रेकॉर्ड करा, सोबत गावातला एक जण साक्षीदार. तुमच्या धडगाव-मोलगीकडचे अक्राणी आणि अक्कलकुवा दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू आहे, तर ग्रामसभेसमोर विषय मांडून ठरावाची प्रत घेतलीत तर कुठलाही संपादक नाही म्हणणार नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही पण बघा, कागदावर तरी सगळीकडे आहे. तुमची माहिती त्या नोंदवहीत गेली तर गावाकडे पण राहील, नाहीतर पेपर जर्नलमध्ये आणि जर्नल पैसे भरल्याशिवाय उघडत नाही.

वनखात्याचं म्हणाल तर यावल अभयारण्य, अनेर अभयारण्य यांच्या हद्दीतून पान जरी तोडलं तरी परवानगी लागते. बाहेरच्या जंगलात पण आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना पत्र देऊन पोच घेऊन ठेवलेली बरी.

धुळ्याचा_पुण्यात

जैवविविधता कायद्याबद्दल लोक उगाच घाबरतात म्हणून टाकतो. २००२ चा कायदा, २०२३ ला सुधारला. भारतीय माणसाने भारतात निव्वळ संशोधन करायला राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागत नाही, परदेशी लोक किंवा परदेशी भागीदार असेल तर वेगळं. निष्कर्ष परदेशात पाठवण्यावर जे बंधन आहे त्यातून पण रिसर्च पेपर छापणं वगळलेलं आहे, सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असेल तर. तेव्हा नवीन संपादक तिथलं सर्टिफिकेट मागत असतील तर नेमकं कोणत्या कलमाखाली ते विचारा. बऱ्याच वेळा परदेशी जर्नलचा फॉर्म कॉपी केलेला असतो.

आता फाईलचं. ताई, यूजीसीच्या याद्यांचा इतिहास आठवा. मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ जर्नल मान्यताप्राप्त यादीतून काढली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये भूषण पटवर्धन सरांच्या गटाचं विश्लेषण आलं होतं, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलपैकी तपासलेल्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकषात बसत नव्हती. मग २०१९ ला केअर यादी आली, ती चालवणारा कक्ष इथेच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती केअर यादी पण बंद. आता म्हणे निकष बघून कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी स्वतः ठरवायचं. त्यामुळे तुमच्या प्रमोशनच्या समितीपुढे जर्नल यादीत आहे का हा प्रश्न राहिला नाही, जर्नल चांगलं कशावरून हा राहिला, आणि तिथे "नवीन संपादकाने पुन्हा कागद तपासले" हे पत्र तुमच्या बाजूनेच जाईल.

शेवभाजी_स्पेशल

म्हणजे आधी यादी वाईट, मग यादी चांगली, आता यादीच नाही. आणि पीएचडीसाठी पेपर छापायची सक्ती पण २०२२ ला काढली ना? मग हे सगळं करायचं कशाला?

धुळ्याचा_पुण्यात

हो नोव्हेंबर २०२२ च्या नियमात सक्ती काढली. पण विद्यापीठांना स्वतःची अट ठेवायची मोकळीक आहे, तुमच्या गाईडला विचारा तो काय म्हणतो.

ग्रंथपालआप्पा (जळगाव)

शेवभाजी, कशाला करायचं ते सांगतो. हळदीच्या पेटंटची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण त्यातला जर्नलचा भाग कुणी सांगत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने (केंद्र सरकारची विज्ञान संशोधन परिषद), तेव्हा तिथे माशेलकर सर होते, त्याला आव्हान दिलं. आजीबाई लावायची म्हणून पेटंट रद्द होत नाही, छापील पुरावा लागतो. तो जुन्या ग्रंथांतून तर दिलाच, पण सोबत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक लेख पण दिला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. त्या १९५३ च्या अंकाचा संपादक कोण होता आज किती जणांना माहीत आहे, पण त्याने तो लेख घेतला, तारीख टाकून छापला, कुठल्यातरी लायब्ररीने बाईंडिंग करून ठेवला, म्हणून चाळीसेक वर्षांनी हाताशी आला.

ताईंच्या पेपरमध्ये मोच आल्यावर मैदा लकडीची साल बांधतात असं असेल तर ती नोंद उद्या कुणाला तरी लागणार आहे. तेव्हा त्यात झाडाची ओळख पक्की पाहिजे, तारीख पाहिजे, आणि जर्नलचे जुने अंक जिवंत पाहिजेत.

यावरून आठवलं, संपादक बदलला की जुन्या अंकांचं काय हे कुणीच विचारत नाही! नवीन वेबसाईट होते आणि जुने पीडीएफ गायब. ताई, पुढचा मेल लिहाल तेव्हा हेही विचाराच. मी दोन जर्नलांचे अंक असेच गेलेले पाहिलेत, छापील गठ्ठे रद्दीत आणि वेबसाईट बंद, त्यातले खान्देशातल्या वनस्पतींवरचे लेख आता फक्त ज्यांनी लिहिले त्यांच्या घरी असतील तर असतील.

काळीमाती

मोठ्या जर्नलचं कसं होतं त्यावर कुणी लिहा ना. तिकडे पण भांडणं होतच असतील.

संपादनकामगार

होतात तर. आधी शांतपणे झालेलं सांगतो. अमेरिकेतलं 'जर्नल ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स', वनस्पतींमधल्या रसायनांवर काम करणाऱ्यांचं मोठं जर्नल, १९३८ ला 'लॉईडिया' नावाने निघालं, १९७९ ला नाव बदललं. किंगहॉर्न नावाचे संपादक १९९४ पासून २०१९ पर्यंत होते, पंचवीस वर्षं! त्यांच्यानंतर प्रोटो आले. मागे सोसायटी खंबीर होती आणि नियम कागदावर होते, त्यामुळे एवढा जुना माणूस गेला तरी लेखकांची धांदल उडाली नाही.

भांडणाचं म्हणाल तर २०१५ मध्ये भाषाशास्त्राच्या 'लिंग्वा'चं सगळं संपादक मंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं आणि 'ग्लॉसा' काढलं. २०२३ ला मेंदूच्या प्रतिमांवरच्या 'न्यूरोइमेज'चे चाळीसेक संपादक फीच्या मुद्द्यावर गेले, फी होती ३,४५० डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये मानवी उत्क्रांतीवरच्या जर्नलचे जवळपास सगळे संपादक गेले. तिन्हीकडे प्रकाशक एकच, एल्सेव्हिअर. तिथे मंडळ एकदम गेलं पण का गेलं हे जाहीर पत्रात लिहून गेलं. म्हणून "निम्मी नावं गायब" याचा अर्थ ती माणसं काय म्हणतात ते कळल्याशिवाय लावता येत नाही.

आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण हिंदावीचं. वायली कंपनीने २०२१ मध्ये ती २९.८ कोटी डॉलरला घेतली. तिथे विशेषांक निघायचे, विशेषांकाला पाहुणे संपादक, आणि पाहुण्यांच्या दारातून पेपर विकणाऱ्या टोळ्या घुसल्या. २०२३ या एका वर्षात आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. पर्यायी औषधांवरचं त्यांचं जर्नल होतं, आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी वनौषधींचे पेपर तिथे टाकलेत, ते पण त्यात सापडलं. आता तिथे प्रामाणिकपणे छापलेला माणूस पण बायोडाटा दाखवताना अडखळतो. संपादकाने दार उघडं टाकलं की भुर्दंड असा सगळ्यांनाच बसतो, म्हणून म्हणतो की कागद मागणारा संपादक मला न मागणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

फक्त मागायची वेळ चुकली इथे. नियम नवीन पेपरना लावा, जुन्यांना विनंती करा.

वैद्यबुवा (अमळनेर)

हे मात्र पटलं. विनंती आणि हुकूम यात फरक आहे.

पानफुटी

अपडेट देते. कोपचं नाव त्यांच्या वेबसाईटवर होतं. तुम्ही सांगितलं तसा मेल लिहिला, गंभीर दोष असेल तर कळवा, फी स्वीकारलेल्या तारखेचीच लागू व्हावी आणि जुने अंक वेबसाईटवर राहणार आहेत का असं विचारलं. नवीन मॅडमचा स्वतःचा रिप्लाय आला, ऑफिसचा नाही. स्वीकृती कायम आहे, आधीचा मेल सगळ्यांना एकच मजकूर पाठवला गेला म्हणाल्या. फीचा फरक द्यायचा नाही. हर्बेरियम नंबर मात्र त्यांना हवाच आहे, पण अट म्हणून नाही, छापायच्या आधी जेवढे मिळतील तेवढे द्या, बाकीच्या वनस्पतींपुढे "नमुना विभागात उपलब्ध" असं लिहू म्हणाल्या. आवाजी संमती चालेल, ग्रामसभेचा ठराव असेल तर उत्तम. जुन्या अंकांचं उत्तर अजून नाही.

ग्रंथपालआप्पा (जळगाव)

जुन्या अंकांचं पुन्हा विचारा. तेवढं एकच उत्तर आलं नाही याचा अर्थ त्यांनाही माहीत नाही. तुमच्याकडे जे पीडीएफ आहेत ते आत्ताच उतरवून ठेवा. मी इथल्या लायब्ररीत छापील अंक कुठपर्यंत आहेत ते बघतो.

बिब्बा (चोपडा)

कळलावी आहे का यादीत? ती पावसाळ्यातच फुलते, श्रावणात या इकडे, अभयारण्याच्या बाहेर बांधावर भरपूर दाखवतो. कंद हाताळताना सांभाळून, विषारी आहे.

पानफुटी

आहे ना कळलावी. येते. बाकीच्या बऱ्याचशा शीटना फूल-फळ आहे, त्या आधी पुण्याला नेते.

शेवभाजी_स्पेशल

चला म्हणजे पैसे परत मागायचे राहिले 😀 ताई येताना आमच्या गावावरून जा, भाजी आपल्याकडून.

आहिरानी_बोल

मन्हा प्रश्न तठेच ऱ्हायना. वैदूसनं नाव छापतीन का?

पानफुटी

दादा, विचारलं तेही. मॅडम म्हणाल्या वैदूंची तयारी असेल तर आभारात नाही, माहिती देणाऱ्यांच्या तक्त्यात नाव-गावासकट छापू. मग मी वैदूंना विचारलं तर काहींनी आनंदाने हो म्हटलं, एक आजोबा तर म्हणाले फोटो पण टाका. पण काही जण नको म्हणाले. नाव आलं की जंगलखातं विचारायला येईल साल कुठून काढली म्हणून, आणि व्यापारी पण येतील तीच झाडं शोधत. मैदा लकडीची झाडं साल ओरबाडून ओरबाडून आधीच कमी झालीत तिकडे. त्यांचं नाव टाकत नाही, गाव पण नाही, नुसता तालुका. ते तक्त्यात कसं दाखवायचं हे आता संपादनकामगार दादांनी सांगा.

संपादनकामगार

नावाच्या जागी क्रमांक द्या, खाली टीप टाका की संबंधितांच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही. झाड नेमकं कुठे आहे त्याचे जीपीएस आकडे पण पेपरमधून काढा, हर्बेरियमच्या लेबलवर असू द्या. संपादकांना तसं आधी कळवून ठेवा म्हणजे प्रूफच्या वेळी कुणी परत घालणार नाही.